घरचं लोणी, कढवलेलं तूप अन् त्यात मुरवलेला ओवा-कढीपत्ता-लसूण: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो मी काही स्वयंपाकी नाही, उदगीरकडचा पोरगा, संभाजीनगरात नोकरी, दोन खोल्याचं भाड्याचं घर. गावाकडून आई तूप पाठवायची तोवर तूप कसं होतं हे डोक्यात कधी आलंच नाही, मग एका वर्षी आईचा हात फ्रॅक्चर झाला अन् डबा यायचा बंद झाला, दुकानातलं आणलं तर वरणावर टाकल्यावर वासच येईना, मग फोनवर आईला विचारत विचारत स्वतः सुरू केलं. पहिलं तूप जाळलं. दुसरं कच्चं राहिलं, पंधरा दिवसात आंबूस वास मारायलं. तिसऱ्याला जमलं, अन् जमलं ते एकाच गोष्टीमुळं, आई फोनवर म्हणली, "अरे बघू नको, ऐक. फोन भगुण्याजवळ धर, मला ऐकू दे." तिनं तिकडून आवाज ऐकून सांगितलं की आता गॅस बंद कर. तेव्हापासून मी तूप कानानं कढवतो, अन् खाली जे लिहायलो ते सगळं त्या आवाजाभोवतीच फिरतंय, म्हणजे पाणी आहे का संपलं एवढंच.

सुरुवात साईपासून. दूध फुल क्रीमच घ्या, त्यात ६ टक्के फॅट असतं, टोन्ड दुधात ३ टक्केच, त्याच्यावर साय धरून तूप काढायचं म्हणजे नुसता गॅस जाळणं. म्हशीचं सुटं दूध मिळत असेल तर लईच बेस, आपल्याकडं मराठवाडी म्हैस आहे, तिच्या दुधाची साय हातात उचलता येते. गायीचं दूध असेल तर साय पातळ येते पण तूप पिवळं अन् वासाचं होतं. म्हशीचं तूप पांढरं का दिसतं हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, गायीच्या दुधात चाऱ्यातलं कॅरोटीन तसंच उतरतं म्हणून पिवळा रंग, म्हैस त्याचं अंगातच व्हिटॅमिन ए करून टाकते म्हणून पांढरं. पांढरं म्हणजे भेसळ असं काही नाही, पिवळं म्हणजे शुद्ध असंही काही नाही. आमच्या भागात देवणी अन् तिकडं नांदेडकडं लाल कंधारी, या गायींचं दूध कमीच, पण ज्याच्या घरी आहे त्यानं ते डेअरीला घालण्याआधी एकदा तरी घरी तूप करून बघावं.

दूध तापवलं की एक उकळी आल्यावर बारीक गॅसवर पाचेक मिनिटं राहू द्या, मग झाकण न ठेवता गार करा अन् मग फ्रिजमध्ये ठेवा. झाकण लगेच ठेवलं की वाफेचं पाणी परत साईवर पडतं अन् साय पातळ येते. सकाळी साय काढून एका स्टीलच्या डब्यात टाकायची. या डब्यात पहिल्याच दिवशी चमचाभर दही घाला, रोजची साय त्याच्यावरच टाकत जा अन् एकदा हलवा. दह्याच्या आंबटपणानं साय टिकते अन् वासही त्यामुळंच येतो, बिनविरजणाच्या साईचं तूप होतं पण ते मुकं होतं, वास नसतो. दहा दिवसांच्या पुढं डबा ठेवू नका, फ्रिजमध्ये असला तरी कडवटपणा येतो. डब्यावर पिवळसर थर किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर अख्खा डबा टाकून द्या, वरचं काढून खालचं वापरू असला कंजूषपणा इथं नको.

ज्या दिवशी घुसळायचं त्याच्या आदल्या रात्री डबा बाहेर काढा. हिवाळ्यात रातभर ठेवला तर चालतो, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं पारा ४० च्या वर जातो तेव्हा तीन-चार तास पुरे, नाहीतर साय आंबून फसफसते. अन् आता महत्त्वाचं, घुसळताना साय गार पाहिजे. आंबवायला ऊब लागते अन् घुसळायला गारवा, या दोन उलट्या गोष्टी आहेत अन् नवीन माणूस इथंच फसतो. साय १२ ते १५ डिग्रीच्या आसपास असली की लोण्याचे कण एकमेकाला चिकटतात, जास्त गरम असली तर फॅट वितळून ताकातच फिरत राहतं अन् तुम्ही अर्धा तास रवी फिरवत बसता. थर्मामीटर कशाला, आंबल्यावर डबा अर्धा तास परत फ्रिजमध्ये ठेवा अन् घुसळताना बर्फाचं पाणी घाला, झालं. आजी उन्हाळ्यात पहाटेच घुसळायची ते काही देवाधर्मासाठी नव्हतं, माठातलं पाणी तेव्हाच सगळ्यात गार असतं म्हणून.

रवी नसेल तर मिक्सर चालतो. मोठं भांडं अर्धंच भरा, थांबून थांबून फिरवा, आधी साय फुगते, केकवरच्या क्रीमसारखी दिसते, आवाज जड होतो, अन् मग एकदम आवाज बदलतो, पाण्यात काहीतरी आपटल्यासारखा फचफच आवाज. तिथं थांबा. लोणी सुटलं. आणखी फिरवलं तर ते परत ताकात मिसळतं.

आता लोणी धुवा. हे काम लोक गाळतात अन् मग म्हणतात बेरी (कढवताना तळाला बसणारा गाळ) लई निघाली, तूप काळं झालं. लोण्याचा गोळा हातानं दाबून ताक काढा, ते ताक कढीला ठेवा, मग गार पाण्यात गोळा टाकून दाबायचा, पाणी पांढरं होतं ते ओतून द्यायचं, परत गार पाणी, असं तीन वेळा, पाणी बऱ्यापैकी नितळ दिसेपर्यंत. लोण्यात जे ताक अडकून राहतं त्यातली दुधाची साखर अन् प्रोटीन हेच पुढं तळाला लागतं. धुतलेल्या लोण्यातही पाणी असतंच, विकतच्या बटरमध्ये ८० टक्के फॅट अन् जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असावं असा नियम आहे, घरच्या लोण्यात पाणी थोडं जास्तच धरा. म्हणजे अर्धा किलो लोण्याचं साधारण ३५० ते ४०० ग्राम तूप हाताला लागतं. बाकीचं उडून गेलं म्हणून हळहळायचं नाही, ते पाणीच होतं.

कढवायला जाड बुडाचं भगुणं घ्या अन् लोणी त्याच्या निम्म्याच्या वर येऊ देऊ नका, कारण फेस वर येतो. सुरुवातीला मध्यम गॅस. लोणी वितळतं, मग पांढरा फेस अन् मोठे बुडबुडे, खदखद खदखद असा जाड आवाज. हे पाणी बोलायलं. पाणी आहे तोवर भगुण्यातलं तापमान शंभराच्या आसपासच अडकून राहतं, म्हणून या टप्प्यात जळायची भीती कमी, पण उतू जायची जास्त. सराट्यानं म्हणजे उलथण्यानं बुड खरडत राहा. दहा-बारा मिनिटांनी आवाज बारीक होतो, खदखदीची तडतड होते, हरभऱ्याच्या वाळक्या टरफलावर पाय पडल्यासारखी. इथं गॅस एकदम बारीक करा अन् आता जागचं हलू नका. फोन आला तर वाजू द्या, रील तर अजिबात नको, माझं पहिलं तूप रीलमध्येच गेलं. तडतड विरळ होत जाते, तूप खाली पारदर्शक दिसायला लागतं, बेरी तळाला बसून बदामी होते. अन् मग एकदम शांत. त्या शांततेत एक दुसरा बारीक फेस वर येतो, आवाज न करता. तोच क्षण. पाणी संपलंय, आता तापमान धरायला काही नाही, इथून पुढं प्रत्येक मिनिटाला तूप झपाट्यानं तापतं अन् बदामी बेरी काळी व्हायला दोन मिनिटं पुरतात. गॅस बंद करून भगुणं लगेच शेगडीवरून खाली घ्या, गरम जाळीवर ठेवलं तरी आतून शिजतच राहतं.

काही घरी शेवटी विड्याचं पान टाकतात, काही मीठाचे चार खडे, काही मेथीचे दाणे. आमच्याकडं पान. पान कुरकुरीत झालं म्हणजे तूप झालं, ही पण पाणी संपल्याचीच खूण बघा, फक्त डोळ्यानं बघायची. शेवटी पाण्याचा शिपका मारून तडतड ऐकायची पण एक पद्धत आहे, नवीन माणसानं ती करू नये, गरम तूप अंगावर उडतं.

अन् एक सूचना, समजा तुपानं पेटच घेतला तर पाणी मारायचं नाही. गॅस बंद करायचा अन् झाकण किंवा परात वर ठेवायची. पाणी मारलं की ते खाली जाऊन एकदम वाफ होतं अन् पेटतं तूप चारी बाजूला उडवतं.

तूप कोमट झालं की गाळा. काचेच्या बरणीत उकळतं ओतू नका, तडकते. बरणी कोरडी ठणठणीत पाहिजे, धुऊन उन्हात वाळवलेली, परत तेच, पाण्याचा थेंब नको. रवाळ तूप पाहिजे असेल तर फ्रिजमध्ये ठेवू नका, बरणी कपड्यात गुंडाळून खोलीतच हळूहळू गार होऊ द्या, हलवू नका. जितकं हळू गार होतं तितकी कणी मोठी. मे महिन्यात कणी नाही पडली तर तुमची चूक नाही, खोलीच तापलेली असते, तूप पातळच राहतं.

इथवर तूप झालं. आता मुरवायचं, खरं तर ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते हेच.

मुरवणं म्हणजे काही नवीन नाही, फोडणी म्हणजे घाईतलं मुरवणंच आहे. कढीपत्ता पाण्यात उकळला तर घासाला वास लागत नाही, तेलात टाकला की शेजारच्याला कळतं, कारण या पानांचा, बियांचा वास ज्या तेलांत असतो ती पाण्यात विरघळत नाहीत, स्निग्धात विरघळतात. फोडणीत दोन मिनिटात मोठ्या आचेवर जे होतं ते इथं बारीक आचेवर हळूहळू करायचं, म्हणजे वास उडून घरात न पसरता तुपातच राहतो. किचनमध्ये चिमणी लावून हॉलमध्ये बसल्यावरही कढीपत्त्याचा वास येत असेल तर समजा वास तुपातून गेला.

सगळ्यात सोपा ओवा, त्याच्यापासूनच सुरू करा, कारण तो कोरडा आहे. २०० ग्राम तुपाला एक छोटा चमचा ओवा. तूप वितळवून सगळ्यात बारीक गॅसवर ओवा टाकायचा, १५ मिनिटं, ओव्याभोवती अगदी बारीक बुडबुडे आले पाहिजेत, तडतडला तर आच जास्त झाली. गाळून बरणीत. गरम भाकरीवर, मुगाच्या खिचडीवर, धपाट्यावर, काही सांगायची गरज नाही. जास्त ओवा टाकायचा मोह होतो, करू नका, कडू होतं, माझं झालंय.

कढीपत्ता त्याच्यापेक्षा अवघड कारण पानात पाणी. तीस-चाळीस पानं धुऊन फडक्यावर पसरून सावलीत वाळवा, हिवाळ्यात दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात आपल्याकडं दुपारीच काम होतं. हातात चुरगाळल्यावर चुरा झाला पाहिजे. मग एका भगुण्यात पाणी उकळत ठेवायचं, त्याच्यात तुपाची वाटी बसवायची, पाणी वाटीत उडणार नाही इतकी उंच, अन् त्या वाटीत पानं टाकून ४० मिनिटं ठेवायचं. अशानं तूप शंभराच्या वर जातच नाही, पान जळत नाही, तुपाला हलकी हिरवट झाक येते. पण यात एक मेख आहे, शंभराच्या खालीच असल्यामुळं पानात ओल असेल तर ती बाहेर निघत नाही, तुपातच राहते. म्हणूनच पान आधी वाळवायचं. गाळताना फडकं पिळू नका, चोथ्यातला गाळ खाली उतरतो.

लसूण मात्र नीट वाचा. लसणाचं तूप सगळ्यात चवदार अन् सगळ्यात जपून करायचं. दहा-बारा पाकळ्यांचे पातळ काप करा, अख्ख्या पाकळ्या टाकू नका. गार तुपातच काप टाकून मग बारीक गॅस लावा, तुपासोबत काप तापू द्या. परत कान लावा, लसणातलं पाणी बोलायला लागतं, आधी सळसळ, मग बारीक चुरचुर, मग बंद. चुरचुर थांबायच्या जरा आधी, काप फिक्या सोनेरी रंगाचे असतानाच गाळून घ्या, बाहेर काढल्यावरही ते दोन छटा गडद होतात. काप कुरकुरीत निघाले पाहिजेत, मऊ निघाले तर परत तुपात टाका.

हे एवढं सांगतोय कामून की मातीत एक जिवाणू असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम, लसूण मातीतून येतो तेव्हा त्याचे बीजाणू सोबत येऊ शकतात. हवा नाही, आंबटपणा नाही अन् ओल आहे अशी जागा त्याला आवडते, अन् तुपात बुडालेली ओली पाकळी म्हणजे नेमकी तीच जागा. शंभर डिग्रीनं ते बीजाणू मरत नाहीत, अन् पाकळीच्या आत पाणी आहे तोवर आतलं तापमान शंभराच्या वर चढतच नाही, बाहेर तूप कितीही तापू द्या. त्याचं विष झालं तर वास बदलेल, चव बदलेल याची काही खात्री नाही, अन् ते जीवघेणं असतं. तेव्हा कच्चा लसूण तुपाच्या बरणीत घालून ओट्यावर ठेवायचं लोणच्यासारखं, हे अजिबात करू नका. लोणच्यात आंबट असतं, मीठ असतं, म्हणून ते टिकतं, तुपात दोन्ही नाही. लसणाचं तूप थोडंच करा, काप सगळे बाहेर काढा, तूप फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. ते काढलेले काप टाकून देऊ नका म्हणा, त्याच दिवशी वरणभातावर चुरून खा. कढीपत्त्याचं पण मी फ्रिजमध्येच ठेवतो अन् महिन्यात संपवतो. ओव्याचं बाहेर राहतं.

तिखट तूप पण होतं, लाल मिरची पावडर तुपात टाकली की रंग अन् तिखटपणा दोन्ही तुपात उतरतात, पण पावडर करपते लगेच, गॅस बंद करून तूप जरा निवल्यावरच टाकायची. सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) केला तर त्याच्यावर हे अर्धा चमचा टाकून बघा.

हे सगळं मित्रांना सांगितलं की एक जण हमखास डोळा मारून विचारतोच, मग भांगेचं लोणी पण असंच करतात का. महाशिवरात्रीला औंढा, परळी, वेरूळ, आपल्याकडं तीन ज्योतिर्लिंगं असल्यावर प्रश्न यायचाच. तत्त्व हेच आहे, त्या झाडातला नशेचा घटक पण स्निग्धातच विरघळतो. पण मी ते करत नाही अन् कृती सांगणारही नाही. गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे, ते जवळ ठेवणंसुद्धा १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली गुन्हा आहे. पानांची भांग त्या कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत बसत नाही पण तिच्यावर राज्याचे वेगळे नियम आहेत. कायदा सोडा, खाल्लेल्याचा परिणाम अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत कधीही सुरू होतो, माणूस म्हणतो काहीच होईना, आणखी एक तुकडा खातो, अन् मग दोन्ही एकदमच चढतात. घरी केलेल्यात कोणत्या चमच्यात किती उतरलं हे करणाऱ्यालाही कळत नाही. अन् फ्रिजमधलं लेकरांना ते लोणीच दिसतं.

औषधी तुपाचं मात्र ऐकण्यासारखं आहे. आयुर्वेदात ब्राह्मी घृत वगैरे करतात ते मुरवणंच, पण उलट्या बाजूनं, तिथं पाणी मुद्दाम घालतात. एक भाग वनस्पतीचा कल्क म्हणजे वाटलेला गोळा, चार भाग तूप अन् सोळा भाग काढा किंवा दूध असं पातळ, अन् ते सगळं पातळ आटेपर्यंत मंद आचेवर शिजवायचं. झालं का नाही हे कसं बघायचं, तर कल्काची बोटांत वात वळली गेली पाहिजे, तुपावरचा फेस बसला पाहिजे, अन् ती वात विस्तवावर धरली तर आवाज यायला नको. हे कळलं तेव्हा मी आईला फोन केला, म्हणलं तुझीच पद्धत निघाली पोथीत. ती म्हणली, "मग? आम्ही काय उगंच सांगतो का." अशी औषधी तुपं घरी करून रोगावर घेऊ नका, वैद्याला विचारा, पण ती वातीची परीक्षा डोक्यात ठेवा, ओल राहिली का नाही हे तिच्यानं चटकन कळतं.

चुकलं तर काय, थोडक्यात. तूप आठ-पंधरा दिवसात आंबूस लागलं तर पाणी राहिलं, लवकर लक्षात आलं अन् वास बिघडलेला नसेल तर परत बारीक आचेवर ठेवून आवाज बंद होईपर्यंत कढवा. करपका वास आला तर त्याला इलाज नाही, दिव्याला वापरा. तूप उन्हाळ्यात वर पातळ अन् खाली घट्ट असं दोन थरात दिसलं तर घाबरू नका, तसंच असतं, कोरड्या चमच्यानं हलवा. अन् ओला चमचा बरणीत घालणारा माणूस घरात कोण आहे हे आधी शोधा, आमच्याकडं मीच होतो.

राहिली बेरी. गाळणीत जी बदामी बेरी उरते ती गरम असतानाच त्याच्यात गूळ किसून टाका, वाटलं तर जराशी कणीक भाजून, लहानपणी यासाठी आम्ही भावंडं भांडायचो. अन् भगुणं लगेच घासायला टाकू नका, जवारीची गरम भाकर घ्या, तुकडा मोडून आतल्या कडेनं सगळीकडून फिरवा, बुडाला चिकटलेलं पण निघून येतं, वर मीठाचे दोन कण, अन् तिथंच ओट्याला टेकून उभ्यानं खाऊन टाका.